सलूच्या ठोक्यांवर मी धरलेला ताल

माझ्या मुलीच्या हृदयाचे ठोके मिनिटाला बेचाळीस पडतात हे मला दोन वर्षं माहीत होतं, आणि ते मी घरी येणाऱ्या पाहुण्यांना कौतुकाने ऐकवत होतो.

हे वाक्य पहिलं लिहून टाकलं, कारण मागे ठेवलं असतं तर मी ते गाळलं असतं. ज्यांच्या पोराला पेसमेकर बसवायला सांगितलंय अशा आईबापांसाठी हे लिहितोय. वैद्यकीय माहिती डॉक्टरांकडून घ्या. माझ्याकडून फक्त एवढंच घ्या की बाप किती गाढव असू शकतो आणि तरीही पोरगी कशी वाचू शकते.

लय

मी केडगावच्या एका हायस्कुलात प्रयोगशाळा सहायक आहे. संध्याकाळी आमच्या चर्चच्या मंडळीच्या भजनी मंडळात तबला वाजवतो. आजोबांनी वाजवला, वडिलांनी वाजवला, म्हणून मीही वाजवतो. चांगला वाजतो असं माझं मत आहे. बायको सुनंदा बालवाडीत शिकवते. मुलगी सलोमी, म्हणजे सलू, सहा वर्षांची.

सलू चार वर्षांची असताना एका दुपारी माझ्या पोटावर झोपली होती. तिच्या पाठीवर हात होता. हाताला ठोके लागत होते, सावकाश, एकसारखे, जसा एखादा म्हातारा उस्ताद विलंबित लय धरून बसलाय. घड्याळ लावून मोजले. बेचाळीस. दुसऱ्या दिवशी मोजले, बेचाळीस. ती खेळून आली तेव्हा मोजले. तरी बेचाळीस, फार तर चव्वेचाळीस!

आता कुठल्याही शहाण्या माणसाला इथं घाम फुटला असता. मला आनंद झाला. पंचवीस वर्षं माझ्यासोबत वाजवणारे साथीदार चौथ्या कडव्याला पळायला लागतात, आणि ही चिमुरडी पळून आली तरी हिची लय हलत नाही!

लहान मुलांचे ठोके मोठ्यांपेक्षा जास्त असतात हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत वयानुसार ठोक्यांचा तक्ता टांगलेला आहे. तो मीच टांगलाय. त्यावरची धूळ दर शनिवारी मीच झटकतो.

मग त्याचा मी खेळच केला. पाहुणे आले की सलूला अंगणाला दोन फेऱ्या मारायला लावायचो. ती बिचारी दीड फेरी मारायची आणि पायरीवर बसायची. मी पाहुण्याला म्हणायचो, "आता कान लावा. बघा, लय हलली का?" पाहुणे कान लावायचे, मान डोलवायचे, चहा प्यायचे आणि जायचे. सलूचे ओठ जरासे निळसर दिसायचे. मी म्हणायचो, जांभळं खाल्ली असतील. जांभळांचा हंगाम नसतानाही म्हणायचो.

सिस्टरबाई

नाताळच्या दुपारी घरी दहाबारा माणसं होती. त्यांत आमच्या मंडळीतल्या सिस्टरबाई होत्या. चाळीस वर्षं दवाखान्यात नर्स म्हणून काम करून निवृत्त झालेल्या. त्यांच्यापुढे पाळकसाहेबही उपदेश आटोपता घेतात. मी सलूला फेऱ्या मारायला लावल्या आणि मोठ्या अदबीने म्हणालो, "सिस्टरबाई, तुम्हीही ऐकाच."

त्यांनी करंजी खाली ठेवली. कान लावला. मग मनगट उलटं करून घड्याळाकडे बघत बसल्या. पूर्ण मिनिट. मला वाटलं, रंगल्यात.

"हे असं किती दिवसांपासून?"

"जन्मजात!" मी म्हणालो. "आमच्या घराण्यात ताल आहेच."

"तुझ्या घराण्याचा ताल घाल चुलीत. हिला चक्कर येते का?"

सुनंदा स्वयंपाकघरातून ताट घेऊन येत होती. ती दारातच थांबली. "कधी कधी येते. चर्चमध्ये प्रार्थनेला सगळे उभे राहिले की ही मटकन खाली बसते."

"ती नम्र आहे," मी म्हणालो.

सिस्टरबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी करंजीचं ताट उगाच दुसऱ्या हातात घेतलं. "उद्या सकाळी हिचा कार्डिओग्राम काढायचा. उद्या म्हणजे उद्या. आणि आता हिला पळवलंस तर तुला मी पळवीन."

पट्टी

दुसऱ्या दिवशी नगरला कार्डिओग्राम काढला. मशीनवरचा माणूस तरुण होता. एक पट्टी निघाली, त्याने ती पाहिली, दुसरी काढली. दोन्ही शेजारी ठेवून ताडून पाहू लागला. मी म्हणालो, "कागद हळू सरकत असेल. आमच्या लॅबमधल्या यंत्राचा पट्टा असाच सैल होतो. जरा उघडून बघू का?"

तो उठला. सलूला खाली उतरवलं, मला झोपवलं, त्याच तारा मला लावल्या आणि पट्टी काढली.

"मशीन बरोबर आहे," तो म्हणाला. "तुमचे एकशे अठरा आहेत. तुम्ही जरा पाणी प्या."

त्या एकशे अठराचा अर्थ मला नंतर कळला. अंगाला आधीच समजलं होतं. डोकं तेवढं अजून घराण्याच्या तालात होतं.

चिठ्ठी

तिथून आम्हाला पुण्याला पाठवलं, मुलांच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे. डॉक्टरबाई शांत होत्या. सलूला त्यांनी पाटी-पेन्सिल दिली आणि आम्हाला समजावलं. म्हणाल्या, हृदय म्हणजे दुमजली घर आहे असं समजा. वरच्या मजल्यावरचा माणूस वेळेवर हाका मारतोय, 'चला, कामाला लागा.' पण त्या हाका जिन्यातच विरतात. खालच्या माणसाला काहीच ऐकू येत नाही. तो बिचारा आपल्या अंदाजाने काम रेटतोय. म्हणून पोरगी पळाली, घाबरली, हसली तरी ठोके तेवढेच.

"आणि त्याचा अंदाज कधी चुकला तर?" सुनंदाने विचारलं.

डॉक्टरबाईंनी ते उत्तर गोड केलं नाही. "म्हणूनच थांबायचं नाही. पेसमेकर बसवायचा, एवढ्या लहान मुलांना तो पोटाशी कातडीखाली बसवतात. हाक खाली पोचवायचं काम तो करेल."

मग त्यांनी फाईल उघडली. "आधी कुणी सांगितलं नव्हतं का तुम्हाला? ताप-खोकल्याला दाखवताना?"

सुनंदा लगेच म्हणाली, "नाही हो. कधीच नाही."

मी छताकडे पाहिलं. तिथं पंखा होता. तो बराच वेळ पाहिला.

"सांगितलं होतं," मी म्हणालो.

वर्षापूर्वी सलूला ताप आला तेव्हा मी एकटाच तिला घेऊन आमच्या भागातल्या डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी छाती तपासून म्हटलं होतं, ठोके फार सावकाश वाटतात, एकदा कार्डिओग्राम काढून घ्या. चिठ्ठीही लिहून दिली होती. मी त्यांना विलंबित लय म्हणजे काय ते समजावून सांगितलं, चिठ्ठी तबल्याच्या खोळीत ठेवली आणि घरी येऊन ताप उतरल्याचं तेवढं सांगितलं. ती चिठ्ठी अजून खोळीत होती.

सुनंदा माझ्याकडे बघत राहिली. रडली असती, ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त पर्सची चेन उघडली आणि परत लावली.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "उशीर झालेला नाही. तुम्ही प्रयत्न मात्र चांगला केला होतात."

निरोप्या

सलूला वॉर्डात दाखल केलं. तिच्या छातीला तारा, डोक्याशी पडदा, पडद्यावर आकडा. सकाळी सहाला ताप आणि रक्तदाब, आठला उपमा, नऊला डॉक्टरांचा लवाजमा, मग दिवसभर वाट बघणं. पलंगाच्या कठड्यावर माझी बोटं आपोआप चालायची. एका सिस्टरनी मला त्यावरून दोनदा बाहेर काढलं.

सुनंदा माझ्याशी बोलत नव्हती. बोलायचं असलं की सलूच्या मार्फत. स्वतःचं हृदय दुरुस्त करून घ्यायला आलेलं लेकरू आमच्याच दोन मजल्यांमध्ये जिन्यात बसलं होतं.

"सलू, पप्पांना सांग, चहा घ्यायचा असेल तर घ्या."

सलूने निरोप पोचवला. "पप्पा, मम्मी म्हणते चहा घ्या. आणि मम्मी म्हणते मूर्ख माणूस. पण ते ती हळू म्हणाली."

"मम्मीला सांग, बरोबर म्हणाली."

"मम्मी, पप्पा म्हणतात बरोबर आहे."

शेजारच्या पलंगावर अकोले तालुक्याच्या डोंगरातली एक मुलगी होती, रंजना, चौदा वर्षांची. तिला लहानपणीच पेसमेकर बसवलेला. त्याची बॅटरी संपत आली म्हणून नवीन बसवायला आली होती. जणू सायकलची ट्यूब बदलायची आहे, अशा थाटात ती केसांना तेल लावून घेत बसली होती. सलूने तिला विचारलं, "दुखतं का गं?"

"पयले दोनतीन दिवस. मंग इसरून जाशील. पोटाशी डबीवानी लागतं जरासं. पालथं झोपू नको लगेच."

"पळता येतं?"

"पळता काय? मी आवणीला जाते. भाताच्या खाचरात दिवसभर वाकून. आमची आयच दमते माझ्याआधी."

रंजनाची आई हिराबाई हसली. आमच्या घरातला निरोपांचा व्यवहार तिने दोन दिवस पाहिला होता. तिसऱ्या दिवशी सुनंदाला म्हणाली, "बाई, एक सांगू का? आमचा मालक तर म्हनायचा, पोरगी आळशी हाय. कामाला उठवायला हाका मारायचा. शाळेच्या बाईंनी सांगितलं तवा डोळे उघडले. तुमचा निदान मोजीत तरी हुता."

सुनंदाला हसू आलं. तीन दिवसांतलं पहिलं. ते माझ्यावर होतं, पण मी ते घेतलं.

चार तास

ऑपरेशनच्या सकाळी संमतीच्या कागदावर मला सही करता येईना. माझ्या नावातली वेलांटी खालच्या ओळीत गेली. नर्सने विचारलं, "ही सही आहे का?" सुनंदाने कागद घेतला आणि स्वतः सही केली. एका दमात.

सलूला आत नेताना ती मला म्हणाली, "पप्पा, तुम्ही रडताय का?"

"नाही गं. औषधाचा वास."

"मला नाही येत वास," ती म्हणाली, आणि दार बंद झालं.

चार तास आम्ही प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. पाळकसाहेबांनी फोनवर प्रार्थना केली. मी 'आमेन' इतक्या जोरात म्हणालो की समोरचे सहा जण उठून उभे राहिले, त्यांना वाटलं कुणाचं तरी नाव पुकारलं. मला प्रार्थना जमत नव्हती. सारखं एकच डोळ्यांपुढे येत होतं. अंगण, दीड फेरी, आणि पायरीवर बसून माझ्याकडे बघणारी सलू. तिला वाटत होतं पप्पा खूश होतात, म्हणून ती पळायची. कितीदा पळाली असेल? मी ते कधी मोजलं नव्हतं.

बोटं खुर्चीच्या दांड्यावर चालू झाली. सुनंदाने माझा हात धरला आणि घट्ट दाबून ठेवला. सोडला नाही. तास दीड तास धरून होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, माफी मिळाली.

पुढे महिन्याभराने मी तिला हे सांगितलं तर म्हणाली, "टकटक बंद व्हावी म्हणून धरला होता." मग थोडं थांबून, "नंतर सोडायचा राहिला."

नव्वद

ऑपरेशन नीट झालं. आम्हाला एकेकाला आत सोडलं. आधी सुनंदा जाऊन आली. नुसती मान हलवली. मग मी.

सलू झोपली होती. तोंडावर नळी, पोटावर पट्टी. मी पडद्याकडे पाहिलं. नव्वद! मी डोळे चोळले. नव्वद. एक्क्याण्णव. नव्वद. दोन वर्षांत जी लय कधी हलली नव्हती ती चौपट पळत होती. (चौपट नव्हे, दुपटीपेक्षा थोडी जास्त, पण त्या वेळी हिशोब सुचतो का?)

मी ओरडलो. "सिस्टर! सिस्टर, लय सुटली! धावा!"

दोन सिस्टर आणि एक डॉक्टर धावत आले. पडदा पाहिला. सलूला पाहिलं. मग तिघांनी मला पाहिलं.

"काय झालं?"

"नव्वद झालेत!"

मोठी सिस्टर मास्कच्या आतून म्हणाली, "दादा, या वयात नव्वदच असतात. तुमच्या पोरीचं हृदय आज पहिल्यांदा बरोबर चाललंय. आता तुम्ही बाहेर चाला."

जाताजाता मी वळून पाहिलं. सलूच्या हाताची बोटं चादरीबाहेर होती. नखं गुलाबी होती. ती तशी असतात हेच मला माहीत नव्हतं. सहा वर्षं मी त्या नखांना नेलपॉलिश लावून देत होतो.

बंदोबस्त

घरी आल्यावर कुणालाही वाटेल की शहाणपण आलं असेल. आलं, पण उलट्या दाराने आलं.

डॉक्टरबाईंनी मोजकंच सांगितलं होतं. पोटावर मार लागू द्यायचा नाही, लोहचुंबक पोटाशी न्यायचं नाही, मोबाईल त्या जागेला चिकटवून ठेवायचा नाही, कार्ड कायम जवळ ठेवायचं, तपासण्या चुकवायच्या नाहीत. बस. मी त्यात भर घातली. घरात मिक्सर बंद केला. महिनाभर चटणी खलबत्त्यात. भजनी मंडळाच्या स्पीकरपासून तिला पंधरा पावलं लांब बसवायचो, म्हणजे ती चर्चच्या बाहेर चपलांजवळ बसायची. शाळेच्या प्रयोगशाळेतले सगळे चुंबक गोळा करून लोखंडी पेटीत ठेवले. सलू प्राथमिकच्या ज्या इमारतीत शिकत होती ती प्रयोगशाळेपासून अख्खं मैदान सोडून होती. विज्ञानाच्या सरांनी चुंबकाचा तास घ्यायला पेटी उघडली तर सगळे चुंबक पेटीलाच चिकटलेले. त्यांनी आणि शिपायाने अर्धा तास ओढले. सरांनी मला विचारलं, मी त्यांना तपशीलवार समजावलं, तर ते म्हणाले, "तुम्ही थोडे दिवस रजा घ्या."

दर तासाला मी सलूचा हात धरून ठोके मोजायचो. तिने हात मागे लपवायला सुरुवात केली. मार्चमध्ये तपासणी झाली. डॉक्टरबाईंनी यंत्र लावून सगळं पाहिलं आणि म्हणाल्या, "उत्तम चाललंय. आता हिला पळू द्या, खेळू द्या."

मी म्हणालो, "हो."

घरी येऊन तिला खुर्चीवर बसवलं आणि चित्रकलेची वही दिली. पळायचं म्हणजे दीड फेरीनंतर काय होतं ते मी पाहिलेलं होतं. डॉक्टरबाईंनी ते पाहिलेलं नव्हतं.

सुनंदा म्हणाली, "तेव्हा डॉक्टरांचं ऐकलं नाहीत, आताही नाही ऐकणार?" मला हे लागलं. तरी मी खुर्ची हलवली नाही.

मिरजगाव

मे महिन्यात सासूबाईंकडे मिरजगावला गेलो. त्या रोखठोक बाई आहेत. जावई म्हणून मान देतात, पण तो जेवणापुरता. घरामागे मोकळं खळं आहे. सुनंदाच्या भावाच्या पोरी आणि शेजारची पोरं तिथं पकडापकडी खेळत होती. मी सलूला सावलीत बाजेवर बसवलं, हाताशी पाण्याची बाटली ठेवली, गळ्यात कार्ड अडकवलं आणि समोर स्टूल टाकून पहारा दिला.

ती बराच वेळ पोरांकडे बघत होती. मग म्हणाली, "पप्पा, पाणी संपलं."

मी बाटली भरायला रांजणाकडे वळलो. मागून आरडाओरडा झाला. वळलो तर बाज रिकामी. सलू खळ्याच्या मध्यभागी होती, वेण्या उडत होत्या आणि तिच्यामागे सहा पोरं!

"सलू! थांब! सलू, बस खाली!"

मी धावलो. ती मला पाहून आणखी जोरात धावली. पोरांना वाटलं, आता पकडायची पाळी माझी. ती चहूकडे पांगली. पहिली फेरी. मी तिच्या दहा पावलं मागे. दीड फेरी झाली. आता बसेल, आता मटकन बसेल. ती बसली नाही. दुसरी फेरी. तिसऱ्या फेरीला माझा पाय शेळीच्या दाव्यात अडकला आणि मी कडब्याच्या ढिगात तोंडावर पडलो.

शेळी ओरडली. पोरं हसली. सलू पळत पळत माझ्यापाशी आली आणि वाकून बघायला लागली. मी पडल्यापडल्या तिच्या ओठांकडे पाहिलं. लालबुंद होते. कपाळावर घाम, जोरजोराचा श्वास, आणि डोळे असे चमकत होते की मी ते तसे कधी पाहिलेच नव्हते. सवयीने माझा हात तिच्या मनगटाकडे गेला. तिने हात सोडवून घेतला.

"पप्पा, नंतर मोजा ना. तुम्ही पडलात, म्हणून माझ्यावर राज्य आलंय!"

आणि गेली.

मला उठता येत नव्हतं. धाप होती, तोंडात कडबा होता आणि बाकी जे काही होतं ते मी औषधाच्या वासावर ढकलू शकत नव्हतो, कारण तिथं फक्त शेळीचा वास होता. सुनंदा ओट्यावर उभी होती. तिने पदर तोंडाला लावला होता. हसत होती की रडत होती ते मी तिला विचारलं नाही.

सासूबाई सुपातले गहू निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "जावईबापू, पोर आजारी हुती तवा तिला पळवली, आन् बरी झाली तवा बसवून ठिवली. तिचं मशीन झ्याक चाललंय, पर तुमच्या डोक्यात कवा बसवायचं?"